‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि आमची अकरा वर्षं

मागच्या डिसेंबरात यांच्या मेंदूचा एमआरआय झाला तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते, पण दिवसभर अंगणवाडी, मग शेत, मग स्वयंपाक, रात्री फोन हातात घेतला की डोळेच मिटतात. आज रविवार, मुलगी मैत्रिणीकडे गेलीय, हे बाहेर बाजेवर झोपलेत (दुपारी दोन तास झोपले नाहीत तर यांची संध्याकाळ निभत नाही, त्याचं कारण पुढे सांगते) म्हणून आज बसलेच.

गोष्ट नोव्हेंबर २०१३ ची आहे. पहिली वेचणी झाली होती, घरात कापसाचे गंज (ढीग) लागले होते, हे भाव विचारायला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला गेले आणि परत येताना दिवेलागणीच्या वेळी रस्त्यात रोही आडवी आली. आमच्या भागातल्या लोकांना रोही म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते की नीलगाय, घोड्याएवढं जनावर, हरभऱ्याच्या वासाने कळपच्या कळप उतरतात. गाडी घसरली आणि डोकं डांबरावर. हेल्मेट घरी खुंटीवर होतं. बाहेरून फारसं रक्त नाही, कानातून थोडं आलं, म्हणून उचलणाऱ्या लोकांनाही वाटलं की किरकोळ आहे.

चार दिवस शुद्ध नव्हती. कार्डावर जीसीएस ७ असं लिहिलेलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही, आता माहीत आहे की डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय कसे हलवतो यावर १५ पैकी मार्क देतात, कमीत कमी ३, आणि ८ किंवा त्याच्या खाली असेल तर मार गंभीर समजतात. सीटी स्कॅन काढला, मेंदूच्या पुढच्या भागात थोडं रक्त साचलंय पण ऑपरेशन लागणार नाही असं म्हणाले. १९ दिवसांनी घरी आलो. त्यानंतरचा महिना-दीड महिना यांना आजही आठवत नाही, सासूबाई हाताने भरवायच्या तेही नाही, मुलगी शाळेतून येऊन पायाशी बसायची तेही नाही.

जानेवारीत परत सीटी काढला. रक्त विरघळलं होतं. रिपोर्ट नॉर्मल. आम्ही येताना पेढे घेतले आणि गावभर वाटले.

त्या रिपोर्टने आमचं किती वाटोळं केलं ते मला आज कळतंय. रिपोर्ट खोटा होता असं मी म्हणत नाही, सीटीचं जे काम आहे ते त्याने केलं होतं. पण ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ आम्ही असा घेतला की माणूस पहिल्यासारखा झाला, आणि पुढची अकरा वर्षं या माणसाला त्याच शब्दाने झोडपलं.

हे आधी कसे होते ते सांगितल्याशिवाय नंतरचं समजणार नाही. दहावी शिकलेले, पण किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, उधारी किती, सगळा हिशेब तोंडी, व्यापाऱ्याचं कॅल्क्युलेटर व्हायच्या आधी यांचं उत्तर तयार. कोणत्या वावरात यंदा काय पेरायचं, सालदाराला कोणतं काम कधी सांगायचं, बियाणं कधी आणायचं, सगळं डोक्यात असायचं, कागद लागत नव्हता.

अपघातानंतर हे चालत होते, जेवत होते, लोकांना ओळखत होते. पण कृषी केंद्रात खत आणायला जायचे आणि तिथे दोन तास बसून रिकाम्या हाताने परत यायचे, विचारलं तर म्हणायचे, “मी कायले गेलतो व?” ओलिताची मोटर चालू करायचे आणि घरी येऊन झोपायचे, रात्रभर पाणी वाहायचं. डवरणीला (पिकाच्या ओळींमधून डवरा चालवायला) गेले की चार ओळी मारून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचे, कोणी उठ म्हटलं तर उठायचे, नाही म्हटलं तर दिवसभर तिथेच. सांबार आणायला पाठवलं (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) तर कधी वांगी आणली, कधी काहीच नाही. एका वर्षी तूर विकली आणि पैसे किती मिळाले, कोणाला दिले, काहीच सांगता येईना, त्या वर्षी मुलीची फी मी माझ्या मानधनातून भरली. आणि राग! पहिले कधी आवाज चढवला नव्हता या माणसाने, आता भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर. मुलगी सहा वर्षांची होती, ती बापाच्या समोर जायलाच भ्यायची. अर्ध्या तासाने हेच तिला आवाज द्यायचे, पोट्टी कुठे गेली म्हणून, जसं काही झालंच नाही.

गावात लोक म्हणाले दारू पिते. यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. काही म्हणाले बायको नोकरी करते म्हणून आळशी झाला. सासूबाई म्हणाल्या, “माह्या पोराले कोनंतरी करनी केली,” आणि त्यांनी कुठूनतरी तांब्याचा ताईत आणून यांच्या दंडाला बांधला. आणि मी? मी सगळ्यात वाईट बोलले. मी रोज म्हणायची, तुमचं दुखतं काय ते सांगा तरी, रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना. हे गप्प बसायचे. यांनाही माहीत नव्हतं. नंतर डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या पुढच्या भागाला मार असला की आपल्यात बदल झालाय हे त्या माणसालाच पुरतं जाणवत नाही, तो लपवत नसतो. हे ऐकलं त्या दिवशी मी एसटीत तोंडाला पदर लावून वर्धा ते घर रडत आले.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात यांना झटका आला, फिट. वावरातच आला, नशीब की विहिरीजवळ नव्हते. वर्ध्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, डोक्याला कधी मार लागला होता का? अकरा वर्षांपूर्वी लागला होता म्हटलं, पण तो बरा झाला, सीटी नॉर्मल आहे, मी जुना कागदही दाखवला. ते म्हणाले, डोक्याच्या मारानंतर कित्येक वर्षांनीही फिट येऊ शकते, आणि सीटीत सगळं दिसत नाही, एमआरआय करू.

एमआरआयच्या खोलीत लोहचुंबक फार जोरदार असतं म्हणून अंगावर धातू काहीच चालत नाही, करदोड्याची चांदीची पेटी काढली, ताईतही काढायला सांगितला. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी तो स्वतः सोडला आणि आतून हे बाहेर येईपर्यंत मुठीत धरून बसल्या. चाळीस मिनिटं मशीनचा ठकठक आवाज बाहेर ऐकू येत होता.

आता डॉक्टरांनी जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते, कारण असं घर फक्त आमचंच नसणार.

अपघात झाला की पहिले सीटी काढतात ते बरोबरच आहे, पाच-दहा मिनिटांत होतो, ताजं रक्त आणि कवटीचं फ्रॅक्चर त्यात चांगलं दिसतं, जीव वाचवायला ते लागतं. (पहिल्या पेशंटचा सीटी १९७१ साली लंडनमध्ये निघाला, त्याच्या आधी कवटी न उघडता मेंदूच्या आतलं असं बघताच येत नव्हतं, हे वाचून मला नवल वाटलं.) पण डोकं जोरात आपटतं तेव्हा नुसती एक जागा ठेचत नाही. आतला मेंदू हलतो, गर्रकन फिरतो, आणि मेंदूतले जे बारीक तंतू एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेतात ते ताणले जातात, काही तुटतात. आपण कापसाचं बोंड दोन्ही हातांनी ओढलं तर तंतू कसे ताणत जातात आणि मधेच तुटतात, बाहेरून बोंड तर बोंडच दिसतं, तसं. याला डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी म्हणतात. सीटीत हे बहुतेक वेळा दिसतच नाही. जिथे तंतूंसोबत केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्याही तुटतात तिथे थेंबभर रक्त सांडतं, रक्त जिरून जातं पण त्यातलं लोह तिथेच राहतं, वर्षानुवर्षं राहतं, आणि एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय नावाचा एक प्रकार असतो त्यात ते लोह काळे ठिपके होऊन दिसतं.

यांच्या फिल्मवर असे ठिपके होते. मी मोजायला लागले आणि अकरानंतर मोजणं सोडून दिलं. दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणारा एक जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम, तो पातळ झालेला. मधल्या पाण्याच्या पोकळ्या वयाच्या मानाने मोठ्या, म्हणजे आजूबाजूचा मेंदू आकसलेला. आणि कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला, दोन्हीकडे जुन्या जखमेचा वण. तिथेच का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले की कवटीचा तळ त्या भागात खडबडीत असतो, हाडाचे उंचवटे असतात, मेंदू पुढे ढकलला गेला की त्यावर घासतो, म्हणून डोक्याच्या मारात फ्रंटल लोबचा खालचा भाग आणि कानाजवळच्या टेम्पोरल लोबचं टोक हेच जास्त सापडतात. आणि फ्रंटल लोबचं काम काय? काम ठरवणं, सुरू करणं, मधेच न सोडणं, राग आवरणं. म्हणजे धुऱ्यावर बसून राहणारा माणूस, अर्ध्यात सोडलेली डवरणी, भिंतीवरचं ताट, हे सगळं त्या फिल्मवर होतं. मी त्या लाइट-बॉक्सपुढे उभी होते आणि मला वाटत होतं की अकरा वर्षांची माझी सगळी भांडणं तिथे लटकवली आहेत.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला कधी सुचला नव्हता. यांना वास येतो का? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कॉफीची पूड नाकाशी धरली, डोळे बंद, हे म्हणाले काहीच नाही. वासाचे धागे नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात, डोकं जोरात आपटलं की तिथेच कापले जाऊ शकतात. दूध करपलं तरी यांना कळत नव्हतं त्याचं कारण हे. आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हे इतकी वर्षं फवारणी करत होते. २०१७ च्या हंगामात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या वर्षीही हे पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत (कपाशीत) फिरत होते आणि औषध अंगावर सांडलं तर वासाने कळावं एवढंही यांच्याकडे नव्हतं. त्या दिवसापासून पंपाला हात लावू देत नाही.

दुसऱ्या दिवशी एका मॅडमनी यांची परीक्षा घेतली, कागद-पेन्सिलवाली, दोन तास चालली. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. यांनी गोल काढला, आकडे सगळे उजवीकडेच कोंबले. १०० मधून ७ वजा करत जा. ९३ म्हणाले, ८६ म्हणाले, मग थांबले, किती वजा करायचे होते तेच विसरले. तोंडी हिशेब करणारा माणूस. मी भिंतीकडे बघत बसले. एका मिनिटात जेवढी जनावरं आठवतील तेवढी सांगा, हे जन्माचे कास्तकार, गोठ्यात वाढलेले, नऊ नावं आली आणि त्यात बैल तीनदा.

पण एका गोष्टीने सगळं बदललं. मॅडमनी आधी पाच शब्द सांगून ठेवले होते, थोड्या वेळाने विचारले तर यांना एकही आठवला नाही. मग त्या म्हणाल्या, त्यातला एक रंग होता, आणि यांना लगेच आठवला. असं करत तीन शब्द निघाले. मॅडम मला म्हणाल्या, बघा, आत थोडंफार साठतंय, पण स्वतःहून बाहेर काढता येत नाही, कोणी टोक हातात दिलं तर काढता येतं. घरी टोक द्या. हे वाक्य मला फिल्मपेक्षा जास्त कामाला आलं. एमआरआयने सांगितलं की कुठे तुटलंय, पण हा माणूस उद्या सकाळी काय करू शकेल ते या परीक्षेने सांगितलं. डॉक्टरही हेच म्हणाले की चित्र आणि माणूस नेहमी जुळत नाहीत, कोणाच्या फिल्मवर भरपूर ठिपके असून तो बऱ्यापैकी चालवतो, कोणाची फिल्म जवळपास स्वच्छ आणि तो घर चालवू शकत नाही.

मी अजून एका तपासणीबद्दल फोनवर वाचलं होतं, डीटीआय. त्यात तंतूंच्या आतलं पाणी कोणत्या दिशेने सरकतं ते मोजतात. सरीत पाणी सोडलं तर सरळ पुढे जातं, सरीचा बांध फुटला की चहूकडे पसरतं, तेच तत्त्व, तंतू शाबूत असले तर पाणी तंतूच्या दिशेने सरकतं, तुटले तर कुठेही. मला ते इतकं पटलं की मी हट्टच धरला, आमचं ते पण करा. डॉक्टर म्हणाले, त्याने संशोधनात खूप मदत होते, शंभर पेशंट एका बाजूला आणि शंभर चांगली माणसं दुसऱ्या बाजूला ठेवली की फरक दिसतो, पण एकट्या माणसाच्या आकड्यावरून ठामपणे सांगणं अजून कठीण आहे, मशीन बदललं की आकडाही बदलतो, त्यात पैसे घालू नका. मला हे सरळ सांगणं आवडलं.

एक प्रश्न मी यांना बाहेर बसवून विचारला. हे वाढत जाईल का? वेड लागेल का? डोक्याचा मार हे पुढे डिमेन्शिया (आठवण आणि समज हळूहळू जाणं) होण्याच्या कारणांपैकी एक आहे, लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकाच्या कमिशनने २०२० च्या यादीत ते घातलं, २०२४ मध्ये ती यादी १४ कारणांची झाली त्यातही आहे. डॉक्टरांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, धोका वाढतो, पण प्रत्येकाला होतं असं नाही, काही जणांत मेंदू पुढेही हळूहळू आकसत राहतो, काही जणांत तिथेच थांबतो, यांचं काय आहे ते एका फिल्मवरून सांगताच येणार नाही. हे मला लगेच समजलं. अंगणवाडीत आम्ही दर महिन्याला लेकरांची वजनं घेतो, एका महिन्याच्या वजनावरून लेकरू खाली चाललंय की वर ते कळत नाही, तक्त्यावरची रेघ बघावी लागते. यांचा तर आत्ता कुठे पहिला ठिपका पडलाय. अकरा वर्षांपूर्वी किंवा निदान पाच वर्षांपूर्वी एक एमआरआय झाला असता तर आज रेघ असती. बीपी सांभाळा, फिटची गोळी चुकवू नका, झोप पुरी होऊ द्या, डोक्याला परत मार लागू देऊ नका, आणि दीड-दोन वर्षांनी परत या, असं सांगून पाठवलं.

त्या रात्री घरी आल्यावर यांनी फिल्म मागितली. खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. “हे माह्या डोक्यात हाये?” हो म्हटलं. परत बघितलं. मग म्हणाले, “मंग मी आळशी नाही ना व?”

मला उत्तर देता आलं नाही. मी नुसती मान हलवली आणि चुलीकडे गेले.

आता आमच्याकडे दाराच्या मागे एक पाटी आहे, मुलगी रोज रात्री त्यावर दुसऱ्या दिवसाची तीन कामं लिहिते, तीनच, चौथं नाही. एक झालं की हे स्वतः पुसतात. मोटर चालू केली की फोनवर अलार्म लावायचा, अलार्मला मुलीचाच आवाज भरलाय, “बाबा, मोटर बंद.” बाजारात पाठवायचं तर चिठ्ठी पिशवीला सेफ्टी पिनने लावायची, खिशात ठेवली तर ती खिशात आहे हेच आठवत नाही. दोघांनी एका वेळी बोलायचं नाही. आणि दुपारची झोप, कारण असा मेंदू साध्या कामालाही जास्त दमतो, दमला की राग येतो, हे कळल्यापासून ताट भिंतीवर गेलेलं नाही असं नाही, पण या सहा महिन्यांत दोनदाच गेलं. डवरणी अजून पूर्ण होत नाही. हिशेब परत येईल असं मला वाटत नाही. मोटरसायकल बंद केली, फिट येते म्हणून, त्याचं यांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. टेबलावरच्या माणसाने यांना खालून वर बघितलं आणि म्हणाला, हातपाय तर चांगले आहेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सन आहे, सिकलसेल आहे, ते असायलाच पाहिजेत, पण डोक्याच्या माराने झालेलं अपंगत्व त्यात वेगळ्या नावाने नाही, मग दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारात बसवून घ्यावं लागतं, त्याच्या चकरा चालू आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, सरकारच्याच अहवालात आहे. हेल्मेट नसलेले ५०,०२९ मेले तेही मोजलेत. मला त्या जखमींचं विचारायचं असतं. त्यातली किती घरी आली, चालायला लागली, आणि कोणत्या धुऱ्यावर बसून आहेत, त्याचा आकडा कुठे आहे?

सासूबाईंनी ताईत परत बांधला नाही. फिल्म त्यांनी त्यांच्या पेटीत सातबाराच्या कागदांसोबत ठेवलीय आणि कोणी यांच्याबद्दल काही बोललं की काढून आणतात, उजेडाकडे धरतात, “हे पाय बाई, हे काळं काळं दिस्ते ना, हे त्या रोहीच्या वक्ताचं हाये.” लोक बघतात आणि गप्प होतात. मला बरं वाटतं आणि त्रासही होतो, कारण अकरा वर्षं हाच माणूस त्यांच्यासमोर होता, त्याचं त्यांनी ऐकलं नाही, मीही नाही, आणि एक प्लास्टिकचा कागद बघून सगळ्यांना पटलं. ज्याच्या कागदावर काही दिसणार नाही त्याने काय करायचं?

आमच्याच वस्तीत एक १९ वर्षांचा पोरगा आहे, दिवाळीत ट्रॅक्टरवरून पडला, दोन दिवस दवाखान्यात होता. त्याची आई मागच्या आठवड्यात टीएचआरचं (अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराचं) पाकीट घ्यायला आली तेव्हा सहज विचारलं, तर म्हणाली, “रिपोर्ट नॉर्मल हाय बाई, पन पोट्टं नुसतं लोयते, कामाले हात लावत नाही, कायी सांगतलं त इसरते.” मी तिला बसवून घेतलं. एमआरआयसाठी कुठे जायचं ते सांगितलं, पण तिथे जाईपर्यंत आणि त्यात काही दिसो न दिसो, रोजचं लिहून ठेव म्हटलं, काय विसरला, कधी चिडला, किती झोपला, तारीख घालून, डॉक्टर आधी तेच विचारतील. तिला लिहिता येत नाही. म्हणून अंगणवाडीची एक कोरी वही काढली, आता ती रोज संध्याकाळी येते, ती सांगते आणि मी लिहिते. कालचं असं आहे: दुपारी जेवला. दोन तासांनी म्हणाला, जेवलोच नाही. आईने ताट दाखवलं तर रडला.